मुलीने कॉर्नेलला अर्ली डिसिजनने अर्ज करावा का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावीत आहे, अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ तिला आवडतं, पण स्कॉलरशिपशिवाय झेपणार नाही. मग माझं उत्तर: घाई करू नका.

अर्ली डिसिजन म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच येऊ, असा शब्द देणं. १ नोव्हेंबरपर्यंत अर्ज, डिसेंबरच्या मध्यात निकाल, आणि प्रवेश मिळाला की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. त्या करारावर मुलीबरोबर पालकांची आणि शाळेच्या कौन्सेलरचीही सही लागते. मिळालेली मदत खरंच अपुरी असेल तर सुटका होते, हे खरं. पण मार्चअखेर चार विद्यापीठांच्या ऑफर शेजारी ठेवून तुलना करण्याची संधी हातची जाते. शिवाय परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत कॉर्नेल निवड करतानाच आर्थिक गरज बघतं. म्हणजे मदत मागितली की स्पर्धा आणखी कठीण.

'अर्लीत प्रवेश मिळण्याची टक्केवारी जास्त असते' हे कन्सल्टंट हमखास ऐकवतात. आकडा खोटा नसतो, पण त्यात आधीच हेरलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलंही असतात. ती वगळली तर फायदा दिसतो त्यापेक्षा कमीच.

येल किंवा प्रिन्स्टनचं अर्ली ॲक्शन बघा. तिथे प्रवेश मिळाला तरी बांधिलकी नाही, आणि परदेशी मुलांचीही गरज निवडीच्या आड येत नाही. अट एवढीच की त्याच वेळी दुसऱ्या खासगी विद्यापीठात अर्ली अर्ज सहसा करता येत नाही.

कॉर्नेलचा वर्षाचा खर्च ९०,००० डॉलरच्या वर. तो स्वतः उचलू शकत असाल आणि तिचं मन पक्कं असेल, तर मात्र बिनधास्त करा.