जुना पीईएस ६ परत लावावा की नवीन फुटबॉल गेम घ्यावा?

प्रश्न असा आहे: कॉलेजचे मित्र बऱ्याच वर्षांनी एकत्र जमणार आहेत, तर लॅपटॉपवर जुना पीईएस ६ (प्रो इव्होल्युशन सॉकर हा फुटबॉलचा गेम) लावावा की आताचा एखादा गेम घ्यावा?

पीईएस ६ लावा. विचार कसला करताय? आताच्या गेममध्ये आधी अर्धा तास अपडेट, मग खेळाडूंची कार्डं आणि ती मिळवायचे पॅक, मग कुठंतरी मॅच. नावंसुद्धा टिकली नाहीत. पीईएसचं २०२१ मध्ये ईफुटबॉल झालं, दुसरा गाजलेला गेम फिफा, त्याचं २०२३ मध्ये ईए स्पोर्ट्स एफसी.

मी कोल्हापूरचा. आमच्यात फुटबॉल हा पेठेचा विषय असतोय. दुपारी शाहू स्टेडियमवर मॅच बघून घसा बसवायचा आणि संध्याकाळी मंगळवार पेठेत दोस्ताच्या घरी माडीवर कॉम्प्युटरसमोर बसायचं. २००६ च्या वर्ल्ड कपात फ्रान्सच्या ऑन्रीनं एक गोल मारून ब्राझीलला क्वार्टर फायनललाच घरी पाठवलं, तेव्हा आमच्या गल्लीत दोन दिवस सुतक होतं. त्याच वर्षाअखेरीला पीईएस ६ आला आणि माडीवर ब्राझील रोज संध्याकाळी जिंकायला लागला.

गेममध्ये लायसन्सची बोंब होती, म्हणजे बऱ्याच क्लबांची खरी नावं वापरायची परवानगीच नव्हती. चेल्सी म्हणजे 'लंडन एफसी', लिव्हरपूल म्हणजे 'मर्सीसाइड रेड'. मग काय, टीम आणि खेळाडू बदलायच्या एडिट मोडमध्ये बसून आम्ही पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा कोल्हापूरच्या तालमींच्या टीमच उभ्या केल्या. गल्लीतल्या एका बॅकला ९९ स्पीड दिला. प्रत्यक्षात तो गडी बसमागं पळाला तरी धाप लागायची.

आता मुद्द्याचं. त्या घरात कंट्रोलर नव्हता, कीबोर्ड एकच. एकजण बाणांवर, दुसरा डावीकडच्या अक्षरांवर, खांद्याला खांदा. एकदा मॅच रंगात आली आणि भारनियमनाची लाईट गेली. यूपीएस पिंपिं करायला लागला. खालून काकू ओरडतायत, "अरं बंद करा ते, जळंल!" स्कोअर १-१, शेवटची मिनिटं. माझ्याकडं इटलीचा क्लब इंटर. त्यांचा ब्राझिलियन स्ट्रायकर आद्रियानो, त्याला तीस-पस्तीस मीटरवर बॉल मिळाला, डावा पाय, शॉटची पॉवर अर्ध्याच्या वर भरली आणि सोडला. जाळी हलली, पाठोपाठ स्क्रीन काळा.

दोस्त आजपर्यंत म्हणतो, तू पळायचं बटण मुद्दाम दाबून धरलंस, म्हणून माझं टॅकल लागलंच नाही. स्वस्त कीबोर्डात प्रत्येक बटणाला वेगळी वायर नसते, आडव्या-उभ्या रांगा असतात, त्यामुळं काही बटणं एकदम दाबली की शेवटचं दाबलेलं त्याला कळतच नाही. हे खरंय. पण पळायचं बटण दाबल्याशिवाय पळायचं कसं? आणि कीबोर्ड त्याचा, बाजू त्यानंच निवडलेली. बटणं माझीपण अडकायचीच, मी कधी काकूंकडं तक्रार घेऊन गेलो नाही. वर म्हणे, आद्रियानोनं लांबून मारणं हा काय खेळ आहे? अरे भावा, मग त्याला मोकळा सोडलास कशाला? लांबून मारायलासुद्धा शरीर गोलकडं वळवावं लागतं, पॉवर मोजावी लागते. शाहू स्टेडियमवर कुणी असा मारला असता तर हाच दोस्त शिट्टी मारत उठला असता.

तर तुम्ही दोन कंट्रोलर घ्या. एका कीबोर्डवर अजिबात खेळू नका, मैत्री जाईल. आणि मॅच सुरू व्हायच्या आधीच ठरवा, मध्येच लाईट गेली तर स्कोअर धरायचा का नाही. आमच्यात ठरलं नव्हतं, म्हणून ग्रुपवर अजून दर वर्ल्ड कपला तोच विषय निघतोय.

हां, एक राहिलं. नव्या विंडोजवर जुना गेम कधीकधी रुसतो, तेव्हा मित्र यायच्या आदल्या दिवशीच चालवून बघा. आणि जमणाऱ्यांत कुणी आयुष्यभर फिफाच खेळलेला असेल तर त्याला पहिल्या दोन मॅच माफ करा, शॉट आणि लांब पासची बटणं दोन्ही गेममध्ये उलटी असतात, त्याचा गोंधळ होणार.

दोस्ता, वाचत असशील तर दिवाळीला ये. इन्व्हर्टर बसवलाय. इंटर मीच घेणार.