शरीरक्रियाशास्त्राची सुरुवात कोठून करावी?

पहिल्याच महिन्यात शरीरातील सर्व संस्था (पचनसंस्था, श्वसनसंस्था वगैरे) अभ्यासून संपवण्याचा बेत असेल, तर तो सोडून द्या आणि हृदयापासून सुरुवात करा, कारण तेथील हिशेब स्वतःच्या मनगटावर पडताळता येतो. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ७० ठोके आणि दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त धरले, तर मिनिटाला जवळजवळ ५ लिटर, म्हणजे प्रौढाच्या शरीरात असते साधारण तेवढे रक्त, हृदय पुढे ढकलते. हा गुणाकार समजला की व्यायामात नाडी का वाढते, हे पाठ करावे लागत नाही.

नवशिक्यांच्या दोन चुका मी वारंवार पाहतो.

- धमनीत नेहमी ‘शुद्ध’ रक्त असते, असे ते धरून चालतात. प्रत्यक्षात धमनी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी वाहिनी, आणि फुप्फुस धमनीतील रक्तात ऑक्सिजन कमीच असतो. (‘अशुद्ध रक्त’ हा शब्दप्रयोगच मला खटकतो.)
- मूत्रपिंडाला ते केवळ गाळणी मानतात. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, पण मूत्र दीड लिटरच्या आसपासच होते. बाकीचे सारे परत शोषले जाते.

संप्रेरके (हार्मोन्स) आणि चेतापेशींतील (मज्जासंस्थेच्या पेशींतील) विद्युत्भार सध्या बाजूला ठेवा. रक्ताभिसरणाची आकृती पुस्तक मिटून काढा आणि बाण जेथे अडेल, तेथपासून पुन्हा वाचा.