वाचकांचे प्रश्न : घरातल्या माणसाचं व्यसन

प्रश्न : माझे पती सकाळी उठल्यापासून पितात. सासूबाई म्हणतात, चार दिवस खोलीत कोंडू, आपोआप सुटेल. ओळखीतल्या एकांनी जेवणात गुपचूप मिसळायची गोळी सुचवली आहे. ते कामावर गेले नाहीत की ‘तब्येत बरी नाही’ असा फोन मीच करते. मी काय करावं?

उत्तर : आधी तातडीचं. त्यांना कोंडू नका, घरातल्या बाटल्याही ओतून टाकू नका. उठल्याउठल्या प्यावी लागते म्हणजे शरीर दारूवर अवलंबून आहे. ती एकदम तोडली की साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना ताप चढतो, नसलेली माणसं किंवा किडे दिसू लागतात, दिवस-रात्र कळत नाही. ही अवस्था जीवघेणी असते, ताबडतोब रुग्णालयात न्यावं लागतं. पूर्वी दारू तोडताना फिट आली असेल तर धोका आणखी वाढतो, म्हणून डॉक्टरांना ते न विसरता सांगा. त्यांच्या देखरेखीखाली थरथर आणि फिट आवरणारी औषधं देतात, काही दिवसांत ती कमी करत नेतात. बी-१ जीवनसत्त्वही देतात, कारण त्याच्या अभावानं मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

ती गोळी बहुधा डायसल्फिराम असावी. ती घेतल्यावर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. ज्याला गोळीचा पत्ताच नाही तो पिणारच, आणि जिवावर बेतेल. शिवाय कळल्यावर तो घरचं अन्न आणि घरची माणसं, दोन्हींवरचा विश्वास गमावतो. चोरून कधीच देऊ नका.

कामावरचा फोन मात्र थांबवा. ‘यापुढे मी खोटं सांगणार नाही’ हे त्यांना आधी, ते शुद्धीत असताना सांगा. प्यायलेल्या माणसाशी वाद घालून काही निघत नाही. सकाळची थोडी बरी वेळ बघा आणि एकच घडलेली गोष्ट बोला : ‘काल मुलाला शाळेतून आणायचं राहिलं, तो घाबरला होता.’ ‘तुम्ही नेहमीच असे’ म्हटलं की भांडण सुरू होतं. ते उपचारांना ‘हो’ म्हणतील त्याच दिवशी जाता यावं म्हणून डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. हो म्हणण्याची तयारी फार वेळ टिकत नाही.

हात उचलत असतील तर बोलणं वगैरे बाजूला ठेवा. मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा.

आणि तुमच्यासाठी : मद्यपींच्या नातेवाइकांचे ‘अल-अनॉन’ हे गट १९५१पासून चालू आहेत. पती उपचार घेवोत न घेवोत, तुम्ही जाऊ शकता. जरूर जा.

प्रश्न : मुलगा हेरॉईनच्या उपचारांनंतर घरी येतोय. काय काळजी घेऊ?

उत्तर : हे पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे. नशा बंद असताना शरीराची सहनशक्ती उतरते. पूर्वी पचायची तेवढीच मात्रा आता श्वास बंद पाडू शकते. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं मनानं बंद करू देऊ नका. हेरॉईनचा असर उतरवणारं नॅलोक्सोन हे औषध घरात ठेवता येईल का, हे त्यांनाच विचारा आणि ते द्यायचं कसं तेही शिकून घ्या.

हाक मारून उठत नाही, श्वास मंद किंवा घरघरता, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असं दिसलं तर रुग्णवाहिका बोलवा, नॅलोक्सोन द्या. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. थांबला असेल तर तोंडानं श्वास द्या. शुद्धीवर आला तरी एकटं सोडू नका : नॅलोक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो.