एवढी स्वच्छ वीज आहे, मग तेल बाहेरून का आणि कार्बनमध्ये आपण तिसरे कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात कोयनेचा जलविद्युत प्रकल्प आहे, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, देशातली निम्मी वीजक्षमता कोळसा-तेलाशिवायची झाल्याची बातमी २०२५ मध्ये आली. तरी आपण एवढं तेल बाहेरून का आणतो आणि कार्बन उत्सर्जनात जगात तिसरे कसे?

मी वाळवा तालुक्यातल्या एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा हिशेब बघतो. कृष्णेतून पाणी उचलायचं, उसाला पाळी द्यायची, एवढंच संस्थेचं काम. दर महिन्याला वीजबिल माझ्यापुढे येतं, त्यामुळे कुणी ‘क्षमता’ म्हणालं की मी आधी विचारतो, युनिट किती पडले?

कोयनेचंच घ्या. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर धरून १,९६० मेगावॅट. ही यंत्रं वर्षभर रात्रंदिवस फिरली तर १,७०० कोटी युनिट व्हायला हवेत. पण तेवढं पाणी आणायचं कुठून? पश्चिमेकडे, म्हणजे घाटाखाली कोकणात, पाणी वळवायला कृष्णा लवादाने (कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या न्यायाधिकरणाने) वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. एक टीएमसी पाणी घाटाखाली पावणेपाचशे मीटर उतरलं की माझ्या आकडेमोडीने सव्वातीन कोटी युनिट मिळतात. तिसऱ्या टप्प्यात त्यातल्या काही पाण्यातून आणखी थोडे. सगळं मिळून अडीचशे कोटींच्या आसपास. देशात २०२४-२५ मध्ये १,८०,००० कोटींहून जास्त युनिट वीज तयार झाली. म्हणजे हजार युनिटांत कोयनेचं दीडसुद्धा भरत नाही. कोयनेला कमी लेखत नाही मी. संध्याकाळी सगळ्या महाराष्ट्रात एकदम दिवे लागतात तेव्हा काही मिनिटांत यंत्रं सुरू करता येतात, ते कोळशाच्या संचाला जमत नाही. पण ती वेळेला धावून येणारी आहे, रोजचा भार वाहणारी नाही.

पवनचक्क्यांचं दुखणं वेगळं. आषाढात त्या भन्नाट फिरतात आणि नेमक्या तेव्हाच आमच्या मोटारी बंद असतात, कारण वरून पाऊस चालू असतो. एप्रिल-मे महिन्यात उसाला पाणी पाहिजे, घरोघरी पंखे-कूलर चालू, तेव्हा वाऱ्याला तेवढा जोर नसतो. सौर वीज दिवसा मिळते, सूर्य मावळला की संपली. ‘निम्मी क्षमता स्वच्छ’ ही बातमी खरीच आहे, पण तयार झालेले युनिट मोजले तर अजून जवळजवळ तीन-चतुर्थांश कोळशाचे निघतात. रात्री दोनला थ्री फेज येते आणि आमचा माणूस बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जातो, तेव्हा त्या तारेत बहुतेक चंद्रपूर नाहीतर कोराडीचाच कोळसा असतो.

आणि पाण्याची गंमत बघा. कोयनेचं पाणी पश्चिमेला सोडलं तर वीज देतं. तेच पूर्वेला नदीत सोडलं की आम्ही, आणि आमच्याहून कितीतरी मोठ्या टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना, ते वीज जाळून वर उचलतो. टेंभूचं पाणी तर टप्प्याटप्प्याने चढवत आटपाडीपर्यंत नेलं आहे. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला तेव्हा याच पाण्यावरून सातारा-सांगलीत जुंपली होती. दुष्काळात दोन्हीकडून मार बसतो: जलविद्युत घटते आणि उपशाचं बिल वाढतं.

आता आयातीकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नात वीज आणि ऊर्जा एकच धरली आहे. आपण वापरतो त्या एकूण ऊर्जेत वीज पाचव्या हिश्शाच्या आसपास. बाकी थेट जळणारं इंधन. कच्च्या तेलातलं ८७-८८ टक्के बाहेरून येतं. नैसर्गिक वायू निम्म्याच्या आसपास. घरच्या सिलिंडरमधल्या गॅसचाही निम्म्याहून जास्त भाग बाहेरचा, मुख्यतः आखातातला. आणि जी वस्तू कुणी धरत नाही ती युरिया. तो वायूपासूनच बनतो. शेतकऱ्याला ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणून तिच्यात आखाताचा वायू आहे हे लक्षात येत नाही. उरलेली किंमत सरकार अनुदानातून भरतं. कोयनेचं अख्खं पाणी वीज करायला सोडलं तरी या यादीतलं काहीच हलत नाही.

कोळशाचं नेमकं उलटं आहे. पोलादासाठी लागणारा चांगला कोकिंग कोळसा बाहेरून येतो, पण बाकी बराचसा घरचाच. २०२४-२५ मध्ये देशातलं उत्पादन १०० कोटी टनांपुढे गेलं. आणि इंधनातून निघणाऱ्या आपल्या कार्बनचा मोठा वाटा याच घरच्या कोळशाचा. म्हणजे परकीय चलन जातं तेलावर आणि धूर निघतो मुख्यतः कोळशाचा. एका दुखण्याचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. ‘तिसरे’ म्हणताना डोकी पण मोजा: माणशी आपला कार्बन डायऑक्साइड साधारण दोन टन, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त. ही काही ढाल नव्हे, मान्य, पण प्रश्न विचारताना एवढं तरी धरायला हवं.

इथेनॉलबद्दल आमच्याकडे फार अभिमानाने बोलतात. उसापासून ते बनतं आणि हा साखर कारखान्यांचा पट्टा आहे, बोलणारच. पेट्रोलमध्ये २० टक्क्यांचं मिश्रण २०२५ मध्ये झालं. पण लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलच्या दोन-तृतीयांश, म्हणजे २० टक्के मिसळून साधारण १४ टक्के पेट्रोल वाचतं. शिवाय देशात डिझेल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त खपतं आणि त्यात हे मिश्रण नाही. त्या इथेनॉलच्या उसाला युरिया लागला आणि कोळशाच्या विजेवर पाणी लागलं, ते वेगळंच. चिपाडावर कारखाना चालतो आणि उरलेली वीज ग्रीडला जाते, ही मात्र यातली निखळ चांगली बाजू.

दोन्ही दुखणी एकदम कमी करणारी एक गोष्ट मी घरात बघितली. मुलाने विजेवरची स्कूटर घेतली. १०० किलोमीटरला साधारण तीन युनिट जातात. ग्रीडच्या युनिटमागे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर दोन-सव्वादोन किलो. माझ्या मोटारसायकलला तेवढ्याच अंतराला दोन लिटर पेट्रोल, म्हणजे साडेचार किलोच्या वर. वीज कोळशाची असूनसुद्धा धूर निम्मा, आणि आयात तेल शून्य.

आमच्या संस्थेला मात्र असा सोपा मार्ग सापडलेला नाही. सौर पंपाच्या योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे पंप मिळतात, ते विहिरीला ठीक; जॅकवेलवरच्या (नदीकाठच्या उपसा विहिरीवरच्या) आमच्या मोटारी शंभर अश्वशक्तीच्या पुढच्या आहेत. आणि सीझनला मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या लावून कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर अजून तरी मी डिझेलवरचाच बघतो.