पिंपात लवंगेचं तेल किती थेंब टाकावं?

प्रश्न : आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. वापराच्या पाण्याच्या दोनशे लिटरच्या पिंपात अळ्या होतात. घरात लहान मूल असल्याने सूनबाई आरोग्य खात्याचं औषध टाकू देत नाहीत. लवंगेच्या किंवा गवती चहाच्या तेलाने अळ्या मरतात असं वाचलं. किती थेंब टाकू?
– एक वाचक, लातूर

उत्तर : मरतात, खोटं नाही ते. पण थेंबांत भागत नाही. लिटरला ५० मिलिग्रॅम धरलं तरी तुमच्या पिंपाला १० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ अख्खी छोटी बाटली लागेल. दर आठवड्याला पाणी नवं, बाटलीही नवी! शिवाय तेल पाण्यात नीट मिसळत नाही. गवती चहाचं वर तरंगतं आणि उडून जातं, लवंगेचं पाण्याहून जड, ते तळाशी बसतं. त्या पाण्याने बाळाला आंघोळ घालणार का? लवंगेच्या तेलाने कातडी चुरचुरते. गप्पी मासे सोडले असतील तर ते तेल मुळीच नको. मत्स्यशाळेत माशांना गुंगी देतात ती त्याच तेलाने.

हिवताप विभागातली माझी सगळी नोकरी लोकांच्या पिंपांत बॅटरी मारण्यात गेली. उजेड पडला की अळ्या वळवळत तळाशी जातात. त्यांतच स्वल्पविरामासारखे वाकडे कोष दिसले, तर दोनेक दिवसांत डास उडणार. डेंग्यूच्या डासाची अंडी मात्र पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या भिंतीला चिकटलेली असतात. काळी, बारीक. पिंप कोरडं पडलं तरी महिनोन् महिने टिकतात. नुसतं पाणी बदलून म्हणूनच काही होत नाही.

नळ यायच्या आदल्या दिवशी पिंप तळाला गेलेलं असतं, तेव्हाच घासा. लातुरात पाणी फेका असं मी म्हणणार नाही. उरलेलं दुपदरी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळा आणि फडकं उन्हात झटका. पिंप आतून काथ्याने, काठापर्यंत, जोर लावून घासा. धुऊन उन्हात पालथं घाला. भरलं की तोंडाला कापड घट्ट बांधा, नुसतं झाकण सैल राहतं. फ्रिजमागचा ट्रेही ओता, तो हमखास विसरतात.

आणि सूनबाईंना हे दाखवा : कर्मचारी टाकतात ते टेमिफॉस लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत पिण्याच्या पाण्यातही चालतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मात्र मात्रा कर्मचाऱ्यालाच ठरवू द्या.