उभं विमान घ्यावं का?

प्रश्न : टेक्ससमध्ये राहतो, पायलटचा परवाना आहे. जुनं सेस्ना १५० स्वस्तात मिळतंय. ओव्हरहॉलनंतर (इंजिन पूर्ण खोलून नव्यासारखं केल्यावर) इंजिन ६०० तासच चाललंय, पण विमान ५ वर्षं न उडवता उभं आहे. घेऊ का?

उत्तर : कमी तासांवर भुलू नका. उभ्या इंजिनात ओल धरते, सिलिंडर आतून गंजतात. सेस्ना १५० च्या ओ-२०० इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) खाली, तेलाजवळ असतो, म्हणून तो लवकर गंजत नाही, एवढाच दिलासा. सिलिंडरमध्ये बोरोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून गंजाचे तांबूस डाग शोधायला लावा. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर दाब किती धरतो ते, ८० पीएसआय (दाबाचं एकक) दाबाची हवा सोडून तपासतात. दाबाचा आकडा ८० वरून बराच उतरला तर हवा कुठून गळते याकडे कान द्या. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर व्हॉल्व्ह गळतोय, तेल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा. मेकॅनिक तुमचा हवा, विकणाऱ्याचा अजिबात नको. ओव्हरहॉलचे पैसे बाजूला ठेवूनच भाव करा.