पंप ऐन वेळी बंद पडला तर: दुसरा घेण्याआधी एवढं वाच

अगं, पाच महिन्यांचं बाळ आजीपाशी ठेवून तू पुढच्या आठवड्यापासून डोंबिवली ते फोर्ट रोज करणार, आणि जवळ अंगावरचं दूध काढायचा एकच चार्जिंगचा पंप. तो बंद पडला तर हाताशी असावा म्हणून दुसरा कुठला घेऊ, स्वस्तातला विजेचाच चालेल का, असं तू विचारलंयस. मी म्हणेन, विजेचा दुसरा घेऊ नकोस. हाताने दाबायचा घे. आणि तो यायच्या आधी नुसत्या हाताने दूध काढायला शीक.

हे मी माझ्यावर गुदरलंय म्हणून सांगतेय. माझी लेक वेळेआधी झाली आणि अंगावर प्यायलीच नाही. आठ महिने मी दर तीन तासांनी दूध काढूनच तिला पाजलं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईभरची वीज गेली, आठवत असेल तुला. माझा पंप प्लगवर चालणारा, आत बॅटरी नाही. येईल आता, येईल आता म्हणत मी थांबले. दुपारी दोनपर्यंत छाती दगडासारखी घट्ट, काखेपर्यंत ठणका, गाऊन पुढून भिजलेला. सासूबाईंनी गॅसवर पाणी तापवून शेक दिला, त्याने पान्हा सुटला, पण काढायचं कसं ते मला येत कुठे होतं! मी निपलच पिळत बसले आणि कळवळले. शेवटी ओळखीच्या एका नर्सताईंना फोन लावला. त्यांनी फोनवर एकेक पायरी सांगितली ती अशी:

हात स्वच्छ धू. अंगठा वर, पहिली दोन बोटं खाली, निपलपासून साधारण तीन सेंटिमीटर मागे. आधी छातीच्या पिंजऱ्याकडे सरळ आत दाब. मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आवळ. मग सोड. बोटं कातडीवरून घासत पुढे ओढायची नाहीत, निपल पिळायचं नाही. दाब, आवळ, सोड, बाळ ज्या लयीत चोखतं त्या लयीत. पहिली एक-दोन मिनिटं काहीच येत नाही, तिथेच बायका सोडून देतात. सोडू नकोस. आधी थेंब येतात, मग बारीक धारा. धार मंदावली की बोटं जरा गोल फिरवून दुसऱ्या जागी ठेव. निपलभोवतीचा भाग फारच ताठ असेल तर आधी मिनिटभर बोटांच्या टोकांनी चारी बाजूंनी आत दाबून धर, मऊ पडतो. आमच्याकडे त्या दिवशी स्टीलच्या वाटीवर धार पडल्याचा आवाज आला तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

रविवारी सकाळी छाती भरलेली असते तेव्हा एकदा करून बघ. दोन-तीन वेळांत हात बसतो.

आता पंप. खटका दाबून चालणारा, एका हातात मावणारा मॅन्युअल पंप घे. जमलं तर तुझ्या आत्ताच्या पंपाच्याच कंपनीचा, म्हणजे फनेल (छातीवर बसतं ते नरसाळं) आणि व्हॉल्व्ह (आतली छोटी झडप) एकमेकांना चालण्याची शक्यता असते. घेण्याआधी दुकानात विचारून खात्री कर. फनेलच्या मापाकडे मात्र नीट लक्ष दे. निपलची बुडाशी रुंदी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोज. पुष्कळ पंपांबरोबर २४ मिलिमीटरचं येतं आणि ते सगळ्यांना बसत नाही. निपल नळीत मोकळं पुढेमागे व्हायला हवं, कडेला घासता कामा नये आणि भोवतीचा काळा भाग फार आत ओढला जाता कामा नये. माप चुकलं तर कितीही महाग पंप दुखवतो आणि दूध कमी काढतो.

केमिस्टकडे मिळणारा रबरी फुग्याचा, जुन्या मोटारीच्या भोंग्यासारखा दिसणारा पंप कृपा करून घेऊ नकोस. दूध फुग्यात शिरतं, आतून तो धड धुता येत नाही, आणि ओढ किती बसेल यावर आपला ताबा नसतो. सिलिकॉनचा एकसंध, छातीला चिकटणारा पंप बरा. उकळता येतो, एका बाजूला पाजताना दुसरीकडून गळणारं दूध त्यात जमतं. पण पान्हा सुटला नाही तर तो फारसं ओढत नाही, आणि धक्का लागला की सगळं सांडतं. एकट्या त्याच्या भरवशावर राहू नकोस. वापरलेला पंप कुणी प्रेमाने देऊ केला तर दूध मोटरपर्यंत जाऊ शकतं का ते बघ. आतला मार्ग बंद नसेल तर नको म्हण.

आणखी एक गोष्ट, सगळ्यात स्वस्त. पंप "बिघडला" असं वाटतं तेव्हा बरेचदा मोटर ठीक असते, आतला चोचीसारखा छोटा पांढरा व्हॉल्व्ह गेलेला असतो. ट्यूबलाइटसमोर धरून बघ. चोचीची फट मिटलेली दिसली पाहिजे. उघडी राहिली किंवा कडेला चीर असली तर ओढ बसत नाही. धुताना त्यात बोट किंवा ब्रश घातला की तो फाटतो. दोन व्हॉल्व्ह जादा घेऊन झिपलॉकच्या पिशवीत पर्समध्ये ठेव.

पावसाळ्यात कुर्ला-सायनला पाणी भरलं की गाडी किती वेळ उभी राहील सांगता येत नाही. पर्समध्ये मॅन्युअल पंप, एक रुंद तोंडाचा डबा, सुती ओढणी आणि ब्रेस्ट पॅड एवढं असू दे. लेडीज डब्यात सांगायला संकोचू नकोस, बायका ओढणी धरून आडोसा करतात. छाती हलकी होण्यापुरतं काढ. हात धुता आले नसतील किंवा डबा स्वच्छ नसेल तर ते दूध बाळाला नको, टाकून दे, वाईट वाटलं तरी. स्वच्छ काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं, पण आपल्या हवेत तेवढा भरवसा धरू नकोस. गोठवलेल्या आइसपॅकसह इन्सुलेटेड पिशवीत २४ तास, फ्रिजमध्ये चार दिवस. वीज गेली तर फ्रीझर उघडू नकोस, गच्च भरलेला असेल तर दोन दिवस धरतो, अर्धा असेल तर एक दिवस. आजींना वाटी-चमच्याने पाजायची सवय आधीच करून दे.

ऑफिसात बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन मधल्या सुट्ट्या (नर्सिंग ब्रेक) कायद्याने मिळतात, त्या पहिल्याच दिवशी सांगून घे. आणि छातीवर लाल तापलेला चट्टा, थंडी वाजून ताप असं झालं तर पंप जोरात लावून "मोकळं" करत बसू नकोस, त्याने सूज वाढते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव.

तुझ्या फनेलच्या कडेला बारीक आकडा कोरलेला असेल. तो आणि तुझं माप कळव, म्हणजे कुठल्या मापाचं फनेल बघायचं ते सांगते.